आधी विलगीकरणाची खोली, मग पिंजरे

तुम्ही विचारलंय की एक रिकामी खोली आहे, मागे थोडी मोकळी जागा आहे, लोकांना नकोसे झालेले दोन ससे आणि एक रेड-इअर्ड स्लायडर कासव आधीच तुमच्याकडे आलंय. आता रीतसर आश्रयस्थान काढायचं तर पिंजरे कोणते घ्यावेत आणि एकूण किती प्राणी सांभाळता येतील. हे काम बरीच वर्षं करते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पिंजऱ्यांकडे मात्र मी सर्वांत शेवटी वळले असते.

सगळ्यात आधी ते दोन ससे वेगळे करा, आजच. आणून देणाऱ्याने "दोन्ही माद्या आहेत" म्हटलं असेल, तरी व्हेटकडून खात्री करून घेईपर्यंत त्यावर विसंबू नका. सशाचा गर्भकाळ साधारण 31 दिवसांचा असतो आणि पिल्लं झाली त्याच दिवशी मादी पुन्हा गाभण राहू शकते. नराची नसबंदी झाली तरी पुढचे चार ते सहा आठवडे त्याला मादीपासून लांबच ठेवायचं, कारण तेवढा काळ तो प्रजननक्षम असू शकतो. माद्यांचीही नसबंदी करून घ्या. ती न केलेल्या माद्यांना वय वाढेल तसा गर्भाशयाचा कर्करोग फार मोठ्या प्रमाणात होतो. गिनीपिगच्या बाबतीत तर आणखी सावध राहावं लागतं. नर पिल्लं तीन आठवड्यांची झाली की आईपासून वेगळी काढायची. गर्भकाळ 59 ते 72 दिवसांचा, त्यामुळे एकटी आलेली मादी खरंच एकटी आहे का, हे कधी कधी दोन महिन्यांनी कळतं.

आता "किती प्राणी" या प्रश्नाकडे येते. बहुतेक जण खोलीचं क्षेत्रफळ मोजतात. माझ्या मते तुमची क्षमता विलगीकरणाच्या जागेवर ठरते. नवीन आलेला पक्षी मी 45 दिवस वेगळा ठेवते आणि साप तीन महिने. ही खोली खरोखर वेगळी हवी: हवा वेगळी, भांडी वेगळी, झाडू वेगळा, अंगावरचा एप्रनसुद्धा वेगळा. रोज आधी जुन्या निरोगी प्राण्यांचं सगळं आवरायचं आणि नव्यांकडे शेवटी जायचं. पोपटांमधला सिटॅकोसिस हा जिवाणूंमुळे होणारा आजार वाळलेल्या विष्ठेच्या धुळीतून माणसालाही होतो. चोच आणि पिसांचा विषाणूजन्य रोग एकदा मुख्य पक्षिघरात शिरला, की त्याला बाहेर काढणं जवळपास अशक्य. सापांवरच्या गोचिडीसारख्या बारीक किडी तर हातावरून, कपड्यांवरून सहज पसरतात.

याचा हिशेब करून बघा. पक्ष्यांसाठी विलगीकरणाची एकच जागा असेल आणि प्रत्येकाला 45 दिवस लागत असतील, तर वर्षभरात आठच पक्षी तुम्ही नीट आत घेऊ शकता. मधेच "बिचारा, कुठे जाईल" म्हणून दुसरा त्याच खोलीत ठेवला, तर दोघांचेही दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायचे. नववा पक्षी नाकारायचा की नाही, हा मनाच्या मोठेपणाचा प्रश्न उरत नाही. आत असलेल्या आठांचं रक्षण करायचं तर नाकारावाच लागतो. मला हे आजही जड जातं, पण प्रतीक्षायादी ठेवा आणि ती पाळा.

दुसरी गोष्ट व्हेटची. कुत्र्या-मांजरांचा उत्तम डॉक्टर सशांचाही उत्तम असेलच असं नाही. पहिल्या भेटीत दोन प्रश्न विचारा. शस्त्रक्रियेआधी सशाला रात्रभर उपाशी ठेवायचं का? ससा उलटी करूच शकत नाही आणि त्याचं आतडं रिकामं राहिलं तर मंदावून बंद पडतं, त्यामुळे उत्तर "हो" आलं तर दुसरा डॉक्टर शोधा. मग विचारा की ससे आणि गिनीपिग यांना तोंडावाटे अमॉक्सिसिलिन देता का? कुत्र्याला चालणारं हे औषध त्यांच्या आतड्यातल्या उपयुक्त जिवाणूंचा नाश करून जीव घेऊ शकतं. असा डॉक्टर सापडला नसेल तर आश्रयस्थान अजून सुरू करू नका, एवढं स्पष्ट सांगते.

रोजच्या कामातली एकच सवय निवडायला सांगितलीत तर मी वजन निवडेन. हे छोटे प्राणी भक्ष्य असलेले जीव आहेत, आजार शेवटपर्यंत लपवतात. गिनीपिग सकाळी समोर येऊन शिट्टी घालते, गवत ओढते, तोंड हलवत राहते. बघणाऱ्याला वाटतं छान खाते आहे. तिला वाडग्यात बसवून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा. परवा 940 ग्रॅम, काल 915, आज 885. मग लेंड्या बघा: लहान, कोरड्या, आकाराने वेड्यावाकड्या. हनुवटीखाली हात लावा, केस ओले लागतील. मागच्या दाढा वाढून जिभेवर कमान धरू लागल्यात, ती चावते आहे पण गिळू शकत नाही. बाहेरून काही दिसायच्या आधी काट्याने हे सांगितलेलं असतं. म्हणून माझ्याकडे प्रत्येक पिंजऱ्याला वजनाची वही बांधलेली आहे, आणि नवा स्वयंसेवक आला की लाड करायच्या आधी वजन करायला शिकतो. गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, ते रोज आहारातून मिळायला हवं, हेही त्याच वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेलं आहे.

तुमच्या स्लायडरबद्दल. नाण्याएवढं घेतलेलं हे कासव मादी असेल तर तिची पाठ 25 ते 30 सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि ती तीस वर्षं सहज जगते. पाठ दाबून बघा. मऊ लागली तर बहुधा कॅल्शियम आणि यूव्हीबी (उन्हातल्या अतिनील किरणांचा एक प्रकार) दोन्ही कमी पडलेत. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन इथे उपयोगाचं नाही, काच यूव्हीबी अडवते. दिवा लावलात तर तो प्रकाशतोय म्हणून वर्षानुवर्षं तसाच ठेवू नका, डोळ्यांना उजेड दिसत असला तरी यूव्हीबी केव्हाच घटून गेलेलं असतं. आणि "तळ्यात सोडून द्या, मोकळं होईल" असं कुणी सुचवलं तर ठामपणे नाही म्हणा. ही जात जगातल्या शंभर सर्वांत घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत आहे, युरोपीय संघाने 1997 मध्येच तिची आयात थांबवली. अमेरिकेत फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्स या दलदलीच्या प्रदेशात पाळीव व्यापारातून आलेल्या बर्मी अजगरांनी तिथल्या सस्तन प्राण्यांची काय अवस्था केली, ते समोर आहेच. स्लायडरला नवं घर मिळणं फार कठीण, त्यामुळे आणखी कासवं घ्यायची की नाहीत हे आत्ताच ठरवा.

फोन करणाऱ्यांशी कसं बोलायचं, हे कुणी शिकवत नाही, पण निम्मं काम तिथेच होतं. "ससा चावायला लागलाय, घेऊन जा" असा फोन आला की मी वय, नसबंदी आणि दिवसातून किती वेळ मोकळा सोडता, हे विचारते. कित्येकदा नसबंदी आणि मोठी जागा एवढ्यावर ससा त्याच घरात राहतो, आणि माझ्या मते ही सुटका इतर कुठल्याही सुटकेइतकीच मोलाची आहे. माणसाला लाजवू नका. लाजवलेला माणूस पुढच्या वेळी फोन करत नाही, रात्री खोकं फाटकाशी ठेवून जातो आणि प्राण्याचा इतिहास त्याच्याबरोबर जातो. प्राणी घ्यायचं ठरलं तर मालकी सोडल्याचा सहीचा कागद घ्या. आपल्या देशात ती जात बाळगायला परवाना लागतो का, तेही आधीच तपासा. आफ्रिकन ग्रे पोपट 2017 पासून साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक परिशिष्टात आहे, त्याची कागदपत्रं विचारल्याशिवाय त्याला हात लावू नका.

शेवटी पिंजरे. विक्रीला असलेले बहुतेक लहान असतात, सशाला तर कुंपण घातलेली जमीनच बरी. सीरियन हॅमस्टर एकेकटेच ठेवा, ते दोन-तीन वर्षांचे सोबती आहेत. ससा आठ ते बारा वर्षं राहील, बॉल पायथन हा छोटा अजगर वीस-तीस, ग्रे पोपट चाळीसच्या पुढे. शेवटच्या दोघांना आत घेण्याआधी तुमच्यानंतर ते कोण सांभाळणार हे त्या व्यक्तीशी बोलून लेखी ठेवा, आणि प्रत्येक प्राण्याचं एक पान तयार करा: औषधाचा डोस, व्हेटचा नंबर, शेजारी कुणाला ठेवायचं नाही, हातात कसं घेतलं तर चावत नाही. हे पान पिंजऱ्यावरच लावा, कारण तुम्ही तापाने पडाल त्या दिवशी कपाटातली फाइल कुणी उघडणार नाही.