जुन्या ट्रान्झिस्टरवर अस्मिता वाहिनी खरखरते. अँटेना बदलावी की नवा रेडिओ घ्यावा?

आपण विचारले आहे की, परळच्या नव्या इमारतीत राहायला गेल्यापासून वडिलांच्या ट्रान्झिस्टरवर आकाशवाणी मुंबईची अस्मिता वाहिनी खरखरीत बुडून जाते, अँटेना पूर्ण बाहेर ओढूनही फरक पडत नाही, तेव्हा अँटेना बदलावी की नवा डिजिटल रेडिओ घ्यावा. माझ्या मते दोन्ही करू नये. ती ओढायची दांडी एफएम आणि शॉर्टवेव्हसाठी असते. 558 किलोहर्ट्‌झवरच्या अस्मितेला, म्हणजे मीडियम वेव्हला, तिचा काडीचाही उपयोग नाही. मीडियम वेव्हची अँटेना म्हणजे रेडिओच्या पोटात आडवा बसवलेला, तांब्याची तार गुंडाळलेला फेराइट रॉड, म्हणजे काळसर चुंबकीय पदार्थाची कांडी, आणि रेडिओ हातातून पडून तो मोडला नसेल तर तो सहसा बिघडत नाही. दोष बहुधा आपल्या घरात आहे, रेडिओत नाही.

हे मी इतक्या ठामपणे लिहितो, कारण याच प्रश्नावरून माझे आणि माझ्या थोरल्या बंधूंचे सहा वर्षे वाजले आहे. काळाचौकीच्या चाळीत पहिल्या मजल्यावर आमचा चार सेलचा ट्रान्झिस्टर सकाळी स्वच्छ वाजत असे. चाळ पाडून झालेल्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर आलो आणि त्यातून नुसता भुंगा ऐकू येऊ लागला. दादांनी वास्तुशांतीच्याच दिवशी सर्वांसमक्ष निकाल दिला: "म्हातारा झाला तो, भंगारात दे. मोबाइलवर अ‍ॅप आहे, काचेसारखा आवाज येतो." मी लॅमिंग्टन रोडला दोन खेपा घातल्या, एका कारागिराकडून कंडेन्सर बदलून घेतले, व्हॉल्यूमचा कंट्रोल धुऊन घेतला, आणि भुंगा होता तसाच राहिला, हे दादांना कळल्यावर काय झाले ते येथे लिहीत नाही.

शेवटी एका रविवारी मी रेडिओ सेलवर चालू ठेवला आणि घराचा मेन स्विच बंद केला. भुंगा त्याच क्षणी थांबला आणि मागून निवेदिकेचा आवाज इतका स्पष्ट आला की स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी "कोण आलंय?" असे विचारले. मग एकेक एमसीबी, म्हणजे वीजपेटीतले घराच्या एकेका भागाचे स्विच, वर करत गेलो. फ्रिजने काही केले नाही, पंख्यांनीही नाही. राउटरच्या अ‍ॅडॉप्टरने थोडी कुरकुर केली. आणि हॉलचा एमसीबी वर करताच भुंगा परतला. हॉलमध्ये शोधता शोधता मी देवघरापाशी पोहोचलो. तेथे रंग बदलणारा एलईडी दिवा लावलेला होता, जो दादांनीच वास्तुशांतीला लोहार चाळीतून आणून दिला होता.

स्वस्त एलईडी दिवे, चार्जर आणि सेटटॉप बॉक्सचे अ‍ॅडॉप्टर वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून बदलतात. त्यातून निघणारा गोंगाट रोखणारे फिल्टर पैसे वाचवण्यासाठी गाळलेले असतात, आणि तो गोंगाट वायरिंगमधून घरभर पसरून नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात उतरतो. एफएमच्या मानाने येथे तो अधिक बोचतो, कारण मीडियम वेव्हमध्ये आवाज लहरीच्या उंचीवर स्वार असतो आणि गोंगाटही उंचीच हलवतो. त्यात काँक्रीटमधल्या सळ्यांच्या जाळीने प्रक्षेपण आधीच क्षीण झालेले असते.

म्हणून आधी मेन स्विच बंद करून पाहावे. मग रेडिओ खिडकीशी न्यावा आणि जागच्या जागी गोल फिरवावा. प्रक्षेपक मालाडला, म्हणजे आपल्या उत्तरेला आहे; तेव्हा रॉड पूर्व-पश्चिम आडवा आला की अस्मिता सर्वांत जोरात लागते, आणि रॉडचे टोक ज्या दिशेला वळते तिकडचा आवाज जवळजवळ नाहीसा होतो. तेवढ्याने भागले नाही तर साधारण पंचेचाळीस सेंटिमीटर बाजूच्या पुठ्ठ्याच्या चौकोनी खोक्यावर वाइंडिंग वायरचे चौदा वेढे अर्धा-अर्धा सेंटिमीटर अंतराने घ्यावेत आणि त्यांच्या दोन टोकांना जुन्या रेडिओतला 500 पिकोफॅरडचा गँग, म्हणजे स्टेशन लावताना फिरतो तो पात्यांचा कंडेन्सर, जोडावा. खोके उभे ठेवून रेडिओ त्याच्या शेजारी असा ठेवावा की रॉड वेढ्यांच्या चौकटीला काटकोनात येईल. रेडिओला काहीही जोडायचे नाही. गँग हळूहळू फिरवला की एका जागी आवाज एकदम उसळतो. माझा गँग चोर बाजारातल्या मोडक्या व्हॉल्व्ह सेटमधून आला.

आता अ‍ॅपविषयी. दादांच्या मोबाइलवर तीच वाहिनी लावून मी ट्रान्झिस्टर शेजारी ठेवला होता. मोबाइल सुमारे अर्धा मिनिट मागे होता. ज्या घरात निवेदकाने सांगितलेल्या वेळेवर भिंतीवरचे घड्याळ लावतात आणि त्या घड्याळावर कॉटन ग्रीनची गाडी पकडतात, त्या घरात अर्धा मिनिट म्हणजे गाडी चुकणे. दादा म्हणतात, घड्याळही मोबाइलमध्येच असते. त्यावर मी उत्तर दिलेले नाही.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. मेन स्विच बंद करूनही खरखर गेली नाही, तर ती शेजाऱ्यांकडून किंवा लिफ्टच्या मोटारीकडून येत असेल, आणि तेव्हा खिडकी व खोके एवढेच उपाय उरतात. घरात कोणाचे विजेवर चालणारे वैद्यकीय उपकरण असेल तर हा प्रयोग करू नये. सेल गळून आत हिरवट थर धरला असेल, तर आधी स्प्रिंगा घासून घ्याव्यात. नवा रेडिओ घ्यायचाच असेल तर आत मोठा फेराइट रॉड असलेला घ्यावा, पण त्याच घरात तोही असाच खरखरेल.

आमच्या देवघरात आता पुन्हा समई असते. एलईडी दिवा मी टाकून दिलेला नाही. दादा यायचे असले की माळ्यावरून काढून लावतो आणि तेवढा वेळ रेडिओ बंद ठेवतो.