बारीक आहेस ना, मग कापड जाड घे

ह्या वेळी बारीक अंगाच्या मुलांचेच प्रश्न जास्त आलेत, म्हणून सगळी जागा त्यांनाच दिलीय. बायकांनी रागवू नये, पुढचा अंक तुमचा.

प्रश्न : दादा, मी डिचोलीचा, वय 25, उंची 5 फूट 10 इंच, कंबर 28. नोकरी पणजीला, कदंब बसने येऊन-जाऊन करतो. कुठल्याही कार्याला गेलो की मावश्या विचारतात, आई जेवायला घालत नाही काय रे? जरा भरलेला दिसावा म्हणून मी एल साइजचे शर्ट घेतो. व्हिडिओत सगळे सांगतात लेयरिंग कर, टी-शर्टवर शर्ट, त्यावर जॅकेट. एकदा केलं, बसमधून उतरेपर्यंत आतून भिजलो. मग आम्ही करायचं काय?

उत्तर : मावश्यांना उत्तर माझ्याकडे पण नाही, मी चाळिशीत आलो तरी त्या विचारतातच. (वजन हल्लीच अचानक उतरलं असेल तर मात्र कपड्यांच्या आधी डॉक्टरकडे जा.)

एल साइज आजपासून बंद. मोठ्या शर्टात माणूस मोठा दिसत नाही, शर्ट मोठा दिसतो आणि आतला माणूस आणखीनच लहान. शर्ट घेताना आधी खांदा बघ, शिवण बरोबर खांद्याच्या हाडावर यायला पाहिजे, दंडावर उतरली की तो शर्ट तुझा नाही. तुझ्या उंचीला एस साइज बाहीत आणि लांबीत तोकडा पडणार, मग खांद्याला बसेल असा एम घे आणि बाजू टेलरकडून दाबून घे, पाठीला दोन डार्ट, म्हणजे कापड आत दुमडून घातलेल्या निमुळत्या शिवणी, मारले तर मागचा फुगा पण जातो. खांदा उसवून परत बसवणं हे किचकट काम, त्याला बरेच टेलर हात लावत नाहीत, लावला तर पैसे पण तसेच घेतात. आणि कॉटनचा शर्ट आधी एकदा धुऊन वाळव, मगच फिटिंगला दे. मी हे शिकलो ते एक चांगला निळा शर्ट धाकट्या भाच्याला देऊन, कारण पहिल्या धुण्यातच तो आटला.

आता लेयरिंग. सांगणारे चुकत नाहीत रे, पण ते सांगतात थंडीच्या गावांसाठी. आपल्याकडच्या दमट हवेत घाम सुकतच नाही, तिथे तीन कपडे एकावर एक घालून बस पकडणं म्हणजे शिक्षा. जॅकेट अंगाला जो आकार देतं तो आपण कापडाकडून घ्यायचा. पातळ, लोंबणारं कापड बारीक माणसाच्या हाडांवर चिकटून बसतं, किनाऱ्यावर विकतात ते फुलाफुलांचे रेयॉनचे शर्ट म्हणूनच आपल्याला मेले शोभत नाहीत. त्याऐवजी ऑक्सफर्ड कॉटन, जाडसर लिनन, खादी घे, ही कापडं स्वतःचा आकार धरतात आणि अंगापासून थोडी सुटी राहतात, त्यामुळे वारा पण खेळतो. सीरसकर नावाचं चुण्या-चुण्यांचं कापड मिळालं तर सोडू नको, ते त्या चुण्यांमुळे अंगाला चिकटत नाही आणि इस्त्रीची पण कटकट नाही. टी-शर्ट ऑनलाइन घेत असशील तर जीएसएमचा आकडा बघ, म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन. 150 च्या आसपासचा अंगाला चिकटतो, 200 च्या पुढचा ताठ पडतो. थोडं गरम होईल, पण तीन लेयरपेक्षा बरं.

पँट स्किनी नको, पाय काड्यांसारखे दिसतात आणि बूट मोठे. सरळ किंवा खाली थोडी निमुळती घे, टेलरला बॉटम 14 इंच सांग. कंबर एक-दीड इंच सैल असली तर मागून आत घेता येते, त्यापेक्षा जास्त घेतली तर मागचे दोन खिसे एकमेकांना चिकटतात. पट्टा आवळून काम भागवू नको, पुढे गोणपाटाच्या तोंडासारख्या चुण्या पडतात.

प्रश्न : डिसेंबरात फोंड्याला ताईचं लग्न. खांदे अरुंद आहेत. भाड्याचा कोट घेऊ की कुर्ता?

उत्तर : भाड्याचा कोट नको, नकोच. माझ्या साखरपुड्याला घेतला होता, मागून पिना लावून घट्ट केलेला, फोटोत मस्त, पण पंगतीत मागे टेकलो आणि ओरडलो. सासरच्यांना वाटलं तिखट लागलं.

कुर्ता घे, खादी सिल्क किंवा जाड कॉटनचा, गुडघ्याच्या जरा वर संपणारा, त्यावर जाकीट. डिसेंबरात रात्री हवा जरा उतरलेली असते, म्हणजे वर्षातून एकदा आपल्याला लेयरिंगची हौस भागवता येते ती हीच. जाकीटाने छाती भरते आणि खांद्याला कड मिळते. खाली चुडीदार नको, सरळ पायजमा. कोटच हवा असेल तर बंद गळ्याचा शिवून घे, खांद्यात हलकं पॅडिंग, फार नको, नाहीतर नाटकातला इन्स्पेक्टर दिसशील.

प्रश्न : हात बारीक आहेत, हाफ शर्टची लाज वाटते. आणि चेक्स चालतात का?

उत्तर : लाज हाताची नाही रे, बाहीची आहे. बाही घंटेसारखी पसरली की हात तिच्यात लोलकासारखा लोंबतो. बाहीचा घेर कमी करून घे, दंड आणि कापडाच्या मध्ये दोन बोटं जातील इतकाच ठेव, लांबी कोपराच्या बरीच वर. फुल शर्टच्या बाह्या दोन जाड घड्या घालून दुमडल्या तर मनगटं पण भरलेली वाटतात. घड्याळ 36 ते 38 मिलिमीटर डायलचं, त्याहून मोठं वडिलांचं घातल्यासारखं दिसतं.

चेक्स चालतात काय, धावतात! आपली कुणबी साडीची लाल चौकड आठव. कोलवाळचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स 2020 साली गेले, त्यांनी ती साडी पुन्हा लोकांसमोर आणली. तसल्या हातमागाच्या चौकडीचा शर्ट शिवून घे, कापड जाडसर, रेघा आडव्या-उभ्या दोन्ही, आपल्यासाठीच केल्यासारखं. फक्त पहिल्यांदा वेगळा धू, लाल रंग सुटला तर बनियनं गुलाबी होतात आणि मग आई काय बोलते ते मी लिहू शकत नाही.