चर्चच्या जागेवरच्या डॉग पार्कची देखरेख कोणी करावी, कॉलनीच्या समितीने की चर्चने?

दोघांनीही नाही. फाटकावर जो माणूस उभा असतो त्याने करावी, आणि समितीने व चर्चने त्याचा शब्द पाळावा.

तुम्ही लिहिलंय की जागा पडूनच आहे, फादर तयार आहेत, अकरा जणांची समितीही झाली आहे, आता फक्त नियमावली हवी. वाचून मला आमचे साहेबच आठवले. तेही असंच म्हणत. नियमावली त्यांनीच लिहिली होती, सतरा कलमांची, आणि लॅमिनेट करून फाटकाला लावली होती. पहिल्या पावसात तिच्यात पाणी शिरलं.

आधी आमचं सांगते. मी उत्तर नागपुरातल्या एका मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, तिचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीची खजिनदार होते. आम्ही सीएनआयवाले. २९ नोव्हेंबर १९७० ला याच नागपुरात सहा वेगवेगळ्या चर्चनी आपापली नावं सोडून एक चर्च ऑफ नॉर्थ इंडिया केली. त्याच गावात आम्हाला एका मैदानाच्या चावीवरून एकमेकांशी बोलणं टाकायची वेळ आली, यावर मी पुष्कळदा हसले आहे. मैदान म्हणजे जुन्या वसतिगृहामागची जागा. दोन कडुलिंब, जाळी टाकलेली एक विहीर, आणि वर्षातून एकदा कापणीच्या सणाला स्त्रीमंडळाचे खाण्याचे स्टॉल. बाकीचे दिवस पोट्टे क्रिकेट खेळत. पलीकडच्या कॉलनीत कुत्री वाढली, सकाळी रस्त्यावर फिरवायला जागा राहिली नाही, तेव्हा साहेब आमच्या पाळकसाहेबांकडे, म्हणजे चर्चच्या पास्टरांकडे, आले.

साहेब म्हणजे सरकारी नोकरीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, कॉलनीचे सचिव. मैदानाभोवतीच्या जाळीचे सगळे पैसे त्यांनी एकट्याने दिले. पाळकसाहेब तोंडी हो म्हणाले आणि पार्क सुरू झालं.

फाटकावर आमचे चौकीदारकाका. मिल बंद पडल्यापासून चर्चच्या मागच्या खोलीत राहतात. त्यांना मी एक दोनशे पानी वही आणून दिली आणि रकाने आखून दिले: कुत्र्याचं नाव, मालकाचं नाव, रेबीजच्या लसीची पुढची तारीख, आत आल्याची वेळ. काकांनी ब्रूनोला ‘भुरनो’ केलं, कुकीला ‘खुकी’ केलं, पण तारखेत एकदा चुकले नाहीत. लसीच्या पुस्तिकेत डॉक्टर बाटलीवरचं स्टिकर काढून चिकटवतात ना, काका ते बघत. शेजारच्या रकान्यात पुढची तारीख असते, तिच्यावर बोट ठेवत आणि तीच वहीत उतरवत. तारीख उलटली असेल तर फाटक उघडत नसत. डॉक्टरांचीसुद्धा कुत्री परत गेली आहेत. ते हसत गेले आणि दुसऱ्या दिवशी लस टोचून घेऊन आले.

साहेबांचा रॉटवायलर होता. त्याचं कार्ड कधीच बरोबर नसायचं. “फोनमध्ये फोटो आहे, नंतर दाखवतो.” काका म्हणाले, “मंग नंतरच आणा नं साहेब, खुशाल न्या आत.” चार लोकांसमोर म्हणाले, हाच काकांचा गुन्हा.

त्या महिन्याच्या बैठकीत कुत्र्यांचा विषयच निघाला नाही, फक्त चौकीदाराच्या वागणुकीचा निघाला. पगारी माणसाने सदस्यांना अडवणं बरं दिसत नाही, त्याला काही ‘पॉवर’ नाही, असं साहेबांचं म्हणणं. ठराव झाला: समितीच्या सदस्यांना व त्यांच्या कुत्र्यांना फाटकावर अडवू नये, त्यांची नोंद सचिव ठेवतील. पाळकसाहेब गप्प बसले, कारण जाळी कोणाच्या पैशाची हे सगळ्यांना माहीत होतं. ठरावाखाली माझी विरोधी सही आहे. ती ठरावांची वही अजून माझ्या कपाटात आहे, कोणाला बघायची असेल तर घरी या, चहा पाजते.

मग डिसेंबरातली एक सकाळ. गारठा होता, साहेब कडुलिंबाखाली पाठ करून फोनवर बोलत होते. एका पगच्या तोंडात चेंडू होता, रॉटवायलर त्याच्यावर गेला. पगला घेऊन आलेला दहावीतला मुलगा मध्ये पडला, आणि हात घातला तो नेमका दोघांच्या तोंडांमध्ये. आरडाओरडा सगळ्यांनी केला. काकांनी मात्र विहिरीजवळची भरलेली बादली उचलून दोन्ही कुत्र्यांच्या तोंडावर ओतली. कुत्री सुटली. काकांनी मुलाचा हात नळाखाली धरला, कपड्याचा साबण लावला आणि घड्याळ बघून पंधरा मिनिटं पाणी सोडून ठेवलं. मुलगा रडत होता, काका म्हणत होते, “धुऊ दे बाप्पा, धुऊ दे.” चावल्यावर सगळ्यात आधी हेच करायचं असतं. त्या मैदानावर उभ्या असलेल्या इंजिनीयर, प्राध्यापक आणि सीए मंडळींना ते सुचलं नाही. हळद शोधायला मात्र एक जण घरी पळाला.

मी मुलाला स्कूटीवर मेयो हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कुत्र्याला लस आहे का? वहीत त्या कुत्र्याची नोंदच नव्हती, ठरावामुळे. साहेबांना फोन लावला तर म्हणाले, “बघून सांगतो.” जखम खोल होती, म्हणून जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, दिलं आणि शून्य, तीन, सात, अठ्ठावीस दिवसांची इंजेक्शनं सुरू झाली. कुत्र्याला लस असली तरी इंजेक्शनं सुरू करतातच, हे मला ठाऊक आहे. पण कुत्रा दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवला आणि तो धडधाकट राहिला, तर घरच्यांची झोप तरी परत येते. साहेबांनी त्याच संध्याकाळी कुत्रा काटोलकडच्या संत्र्याच्या बगीच्यात पाठवून दिला. मुलाच्या आईने ते दहा दिवस कसे काढले असतील ते तुम्ही समजून घ्या.

ग्रुपवर काय आलं? ‘अत्यंत दुर्दैवी घटना’, हात जोडलेले, आणि चौकशीसाठी उपसमिती. उपसमितीचे अध्यक्ष साहेब.

मैदानाला कुलूप लागलं. वरून ट्रस्टचं पत्र आलं की हा वापर कोणाच्या परवानगीने चालू आहे. तेव्हा कॉलनीवाल्यांना पहिल्यांदा कळलं की जागा पाळकांची नसतेच. पाळक चार-पाच वर्षांनी बदलून जातात. जागा ट्रस्टच्या नावावर असते आणि ट्रस्टचा कागद असल्याशिवाय त्यांच्या ‘हो’ला अर्थ नसतो. तुम्ही फादर म्हणताय म्हणजे तुमचं कॅथलिक असावं. तिथेही फादर बदलतात, त्यामुळे धर्मप्रांताच्या कार्यालयातून लेखी आणा. फादर कितीही गोड असले तरी.

आता आमच्याकडे चालतं ते असं. परवानगी एका वर्षाची, लेखी, ट्रस्टने कधीही काढून घ्यावी अशी. कॉलनीला लांब मुदतीचा करार हवा होता, मी नको म्हटलं. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६ प्रमाणे ट्रस्टची बिगरशेती जमीन तीन वर्षांहून जास्त मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी मंजुरी लागते. कुत्र्यांना पळायला जागा मिळावी म्हणून त्या चकरा कोण मारणार? आणि ज्याची जागा आहे त्याला ती बंद करता आलीच पाहिजे. गुड फ्रायडेला, इस्टरच्या पहाटे, मयतीच्या दिवशी, कोणाला न विचारता. कॉलनीला हे पटायला वेळ लागला. रविवारी दुपारपर्यंत फाटक बंद म्हटल्यावर एकाने मला विचारलं, “कुत्र्याला काय माहीत रविवार आहे?” कुत्र्याला माहीत नसेल, तुम्हाला तर आहे ना?

समिती पाच जणांची. दोन मंडळीतले, दोन कुत्रेवाले, आणि एक ज्याच्याकडे कुत्रा नाही असा. या पाचव्या माणसावरून साहेबांशी माझं शेवटचं भांडण झालं. “ज्यांच्याकडे कुत्रं नाही त्यांचा संबंध काय?” आम्ही मैदानाला लागून राहणाऱ्या एका आजींना घेतलं. त्यांनी पहिल्याच बैठकीत उत्तर दिलं: “माह्या खिडकीखालीच तं हागतेत तुमचे कुत्रे, मंग मी नाही बोलीन तं कोण बोलीन?” त्यांच्याइतकी चोख देखरेख कोणत्याच कॅमेऱ्याने केली नसती. कोण पिशवी न घेता येतो, कोणाचा कुत्रा कोनशिलेवर तंगडी वर करतो, सगळं त्यांना तोंडपाठ. मंडळीतल्या जुन्या लोकांचा राग कुत्र्यांच्या भुंकण्यावर नव्हताच, तो कोनशिलेवर होता. तिच्याभोवती गुडघाभर जाळी लावली आणि अर्ध्या तक्रारी संपल्या.

पहिला ठराव मी मांडला: चौकीदाराने आत सोडलं नाही तर त्या दिवशी आत जायचं नाही. तक्रार असेल तर बैठकीत करा, फाटकावर वाद घालायचा नाही. घातला तर महिनाभर बंद. महिन्यातून एकदा बसणारी समिती पैशांचा हिशोब ठेवू शकते, जाळी दुरुस्त करू शकते. सकाळी सहा वाजता कोणाचा कुत्रा आजारी दिसतोय हे तिला दिसत नाही, काकांना दिसतं.

तुम्ही नियम विचारलेत, तर थोडक्यात. फाटक दुहेरी, पहिलं बंद झाल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. माजावरची कुत्री आत नाही, लसी पूर्ण न झालेली पिल्लं नाहीत, खाऊ आणि चेंडू नाहीत (का ते वर आलंच). मालकाने आतच राहायचं आणि फोन खिशात ठेवायचा. लहान कुत्र्यांना वेगळा कोपरा. काळी माती असेल तर पावसाळ्यात जाळीचे खांब कलतात, मुरूम टाकून घ्या. पाण्याचं टाकं रोज उपडं करा, नाहीतर डेंग्यूचे डास तुम्हीच पाळाल. पावसाळ्यात गोचिडांचं औषध घातलंय का ते वहीत लिहा. मे महिन्यात आमच्याकडे सकाळी साडेसातला फाटक बंद होतं. पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पंजे भाजतात, आणि ज्यांना हे सांगावं लागतं त्यांनी कुत्रा पाळू नये.

चावलं तर जबाबदारी मालकाची, हे प्रत्येकाकडून सही करून घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ मध्ये प्राण्याबाबत निष्काळजीपणाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही. हे फाटकावर लावलं तरी बरेच जण फोन खिशात घालतात.

मोकाट कुत्र्यांचंही आधीच ठरवा. आवारात राहणाऱ्या दोन-तीन कुत्र्यांना हाकलू नका, २०२३ च्या एबीसी, म्हणजे प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाच्या, नियमांप्रमाणे नसबंदी आणि लस करून त्यांना त्यांच्याच जागी सोडायचं असतं. त्यांच्या खाण्याची जागा फाटकापासून लांब ठेवा. नागपुरात यावरून डोकी लवकर तापतात. ऑक्टोबर २०२२ मध्ये हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने सार्वजनिक ठिकाणी खायला घालण्यावर बंदी घातली होती, महिन्याभरात सुप्रीम कोर्टाने दंडाच्या कारवाईला स्थगिती दिली. आमच्या गल्लीत अजून दोन्ही बाजू आपापला निकाल खिशात घेऊन फिरतात.

एक मात्र बघून घ्या. नागपुरातल्या पुष्कळ जुन्या जागा नझूलच्या, म्हणजे सरकारने पट्ट्याने दिलेल्या, आहेत, पट्ट्यात वापर कशासाठी हे लिहिलेलं असतं. तुमची तशी असेल तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवा आणि आधी पट्टा वाचा. आणि आमचं मैदान लहान, कुत्री तीसेक. तुमच्याकडे शंभर असतील तर एका काकांनी भागणार नाही.

काकांना पगार द्या. आमच्याकडे दर कुत्र्यामागे महिन्याला दोनशे रुपये, पावती फाडून. आणि जाळीचे पैसे एकाच माणसाकडून कधीही घेऊ नका. साहेबांनी ते परत मागितले तेव्हा आम्ही वर्गणीतून हप्त्याहप्त्याने फेडले. शेवटचा हप्ता मी स्वतः नेऊन दिला आणि पोच मागितली. म्हणाले, “नंतर देतो.”