दाराबाहेरची खुर्ची

*प्रिय माई,*

*मी मूळची वसईची. गेल्या वर्षी गोव्यातल्या सासष्टीत एका छोट्या कॉन्व्हेंटची सुपिरियर, म्हणजे प्रमुख, म्हणून आले. आम्ही सात जणी आहोत. तिघी वयस्क, गोव्याच्याच. दोघी झारखंडच्या, एक सिंधुदुर्गातली आणि मी. रात्रीच्या प्रार्थनेनंतर लॅटिनमध्ये 'साल्वे रेजिना' हे मरियामातेचं गीत गायची इथली जुनी रीत. तरुण सिस्टरना त्यातलं अक्षर कळत नाही. एक म्हणाली, मेलेल्या भाषेत आईला हाक कशी मारायची? ऑगस्टमध्ये मी फलकावर चिठ्ठी लावून ते बंद केलं आणि मोबाइलवर मराठी-हिंदी भक्तिगीतं लावू लागले. तेव्हापासून आमच्या ८४ वर्षांच्या सिस्टर रात्री चॅपलमध्ये येत नाहीत. खोलीत एकट्याच गातात. जेवणाच्या टेबलावर दोन तट पडलेत. जुलैत झारखंडच्या एकीची आई वारली, तिला घरी जाता आलं नाही. त्या रात्रीसुद्धा ह्या सिस्टर तिच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसल्या आणि तेच गुणगुणत राहिल्या, इतकं त्यांना वेड. मी ठाम राहू की माघार घेऊ? असल्या जुन्या गीतातून आजच्या कॉन्व्हेंटला काही मिळतं का?*

*— एक सिस्टर, सासष्टी*

सिस्टर,

तुमचं पत्र चार पानी, वर दिलंय त्याहून बरंच मोठं. फलकावरच्या चिठ्ठीला तुम्ही दीड पान दिलंत आणि दाराबाहेरच्या खुर्चीला एक वाक्य, तेही तक्रारीच्या सुरात. मला विचाराल तर पत्रातलं तेवढंच वाक्य कामाचं.

आधी एक सांगते. मी देवळातली. पण वाढले मडगावात, वाड्यावर खुरसापुढे लादाईन, म्हणजे मरियेची सामूहिक प्रार्थना, असायची तिथे. व्हायोलिन लागलं की आम्ही पोरं धावायचो, खरं तर उकडलेल्या चण्यांसाठी. मोठ्यांना फेणी, आम्हाला चणे. मेणबत्त्या वाऱ्याने विझायच्या, कोणीतरी हाताचा आडोसा करायचं आणि सगळे एका सुरात 'ओरा प्रो नोबिस' म्हणायचे. 'आमच्यासाठी विनंती कर' हा त्याचा अर्थ मला चाळिशीत कळला. तोवर काय बिघडलं? आणि आमच्याकडे तरी काय वेगळं? चवथीला आरत्या संपल्या की मंत्रपुष्पांजली येते. 'साम्राज्यं भौज्यं'ला सगळ्यांचा आवाज चढतो, आणि भौज्य म्हणजे काय असं विचारलं की सगळे मोदकाकडे बघतात. न कळणं एवढाच दोष असता, तर अर्ध्या गोव्याची भक्ती बंद पडली असती.

पण तुमच्या त्या तरुण सिस्टरचा प्रश्न मी उडवून लावणार नाही. ती नाव ठेवत नव्हती, अर्थ मागत होती. तुम्ही अर्थ द्यायचा सोडून गाणंच काढून घेतलंत.

साल्वेत आहे तरी काय? गीत अकराव्या शतकातलं. 'आद ते क्लामामुस, एक्सुलेस फिलिई हेवे', म्हणजे तुला हाक मारतो आम्ही, हद्दपार झालेली हव्वेची लेकरं. 'एक्सुलेस' म्हणजे घरापासून तोडलेले. आता तुमच्या टेबलावर नजर फिरवा. झारखंडच्या दोघी, सिंधुदुर्गातली एक, वसईच्या तुम्ही. पुढे येतं अश्रूंचं खोरं. त्यापुढे मरियेला म्हटलंय 'आद्वोकाता नोस्त्रा', आमची वकील. गोव्यातली जुनी माणसं वकिलाला अजून 'आडवोगाद' म्हणतात, तोच हा शब्द. मग तिला सांगायचं, तुझे ते दयाळू डोळे आमच्याकडे वळव. सबंध गीतात 'मी' एकदाही येत नाही. हाक मारतो आम्ही, उसासे टाकतो आम्ही, आम्हाला दाखव. ज्या घरात जेवताना दोन तट पडलेत, तिथे रोज रात्री सगळ्यांच्या तोंडून 'आम्ही' वदवून घेणारं दुसरं काही तुमच्याकडे आहे का? मोबाइलवरचं भक्तिगीत छान असेल, पण ते तुम्ही ऐकता. गातं दुसरंच कोणीतरी.

हे गीत रिवाजापुरतं कधीच नव्हतं. डॉमिनिकन ह्या संन्याशांच्या संघात जुनी रीत आहे, बंधू मरणाला टेकला की सगळे त्याच्या खाटेभोवती जमून साल्वे गातात. तुमच्या म्हाताऱ्या सिस्टरनी जुलैत काय केलं मग? आई गेलेल्या पोरीपाशी बसायला त्यांच्याकडे ना हिंदी होती, ना तिची बोली. होतं ते घेऊन त्या बसल्या. त्याला तुम्ही वेड म्हणता! दार उघडलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. आतून 'बंद करा' असं कोणी म्हणाल्याचंही लिहिलेलं नाही.

आता भाषेचं. लॅटिन हाच खरा सोवळा धर्म, असं त्या तिघींपैकी कोणी म्हणत असेल तर तेही मला मान्य नाही. तुमच्याच सासष्टीत, रायतूरला, १६१६ साली 'क्रिस्तपुराण' छापलं गेलं. फादर थॉमस स्टीफन्स जन्माने इंग्रज, १५७९ मध्ये गोव्यात आले आणि ख्रिस्ताची कथा त्यांनी मराठी ओवीत सांगितली, कारण इथल्या नवख्रिस्ती लोकांना ती आपल्या पुराणांच्या वळणाने हवी होती. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेवर जो दस्तऐवज काढला, त्यात ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनाला, मानाची जागा दिली आणि मिशनच्या देशांतल्या लोकांच्या स्वतःच्या संगीतालाही मान द्या म्हणून सांगितलं. तेव्हा परिषदेचं नाव घेऊन कोणी कोणाला गप्प करू नये. कोलंबसाच्या रोजनिशीत १४९२ ची नोंद आहे, संध्याकाळी खलाशी साल्वे म्हणायचे, आपापल्या परीने. तारवटींच्या, जहाजावर काम करणाऱ्यांच्या गोव्याला हे सांगायला नको. समुद्रावर कोण कोणाचे उच्चार तपासतं?

करायचं काय ते सांगते. ती चिठ्ठी तुमच्या हाताने काढा, आणि नवी लावू नका. त्या सिस्टरच्या खोलीत जा, जमलं तर चहाच्या वेळी, आणि 'घाई झाली माझी' एवढंच बोला. सुपिरियरने माफी मागितली की शिस्त बिघडते, असं तुम्हाला पत्रात एका जागी वाटलंय. उलट, तुम्ही मागितलीत तर त्या दोन तटांनाही एकमेकींशी बोलायला वाट मिळेल.

मग त्यांना गायला सांगू नका, शिकवायला सांगा. तरुण तिघींनी शब्द देवनागरीत लिहून घ्यावेत, प्रत्येक शब्दाखाली आपल्या भाषेतला अर्थ. झारखंडच्या दोघींनी त्यांच्या घरच्या बोलीत लिहिला तर सोन्याहून पिवळं. सिंधुदुर्गातल्या सिस्टरनी त्याची ओवी करून बघावी. त्यांच्या आजीला जात्यावरची ओवी येत असेल तर निम्मं काम झालं. शनिवार मरियेचा, त्या रात्री लॅटिन ठेवा. इतर रात्री ज्या भाषेत शब्द तयार होतील त्या. गिटार नको. गिटारशी माझं वैर नाही, पण ह्या चालीत श्वासाला जी जागा आहे ती ठेक्याने बुजते.

आणि सुरुवात करण्याआधी रोज एकीने एक नाव घ्यायचं. आज कोणासाठी? पहिल्या रात्री कोणाच्या आईचं नाव घ्यायचं, ते तुम्हाला माहीत आहे. त्या पोरीला आधी एकटीला विचारा. नको म्हणाली तर थांबा.

वेळ मात्र फार नाही. साल्वेचा काळ पेंटेकॉस्ट ह्या मे-जूनमधल्या सणानंतर, नाताळाआधीच्या आगमनकाळापर्यंत. तिथून पुढे रात्रीच्या प्रार्थनेत मरियेचं दुसरं गीत येतं. म्हणजे नोव्हेंबर सरेपर्यंत जेवढ्या रात्री मिळतील तेवढ्याच. शेवटच्या तीन 'ओ'वर सूर लांबतो, तिथे नवशिक्यांचा दम तुटतो. ८४ व्या वर्षी त्या सिस्टर तिथे श्वास कुठे घेतात, एवढं त्यांना विचारा, आणि मला कळवा.

तुमची,
माई