खलनायकाचं नुसतं कापड बदलू नकोस

प्रिय मित्रा,

बॅटमॅनच्या कॉमिकमधला गारठ्याचा खलनायक मिस्टर फ्रीझ, त्याला १८४० च्या सुमाराच्या अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये न्यायची तुझी कल्पना झकास आहे. पण तुझ्या कॉमिकच्या आठ पानांत तू बंदुकीला वाफेचं इंजिन जोडलंस, अंगात लांब कोट चढवलास आणि भाषण जुनंच ठेवलंस. माणूस तोच राहिला, कपडे तेवढे भाड्याने आणले.

या पात्राचा प्रवास नीट बघ. १९५९ साली ‘बॅटमॅन’च्या १२१व्या अंकात तो आला तेव्हा त्याचं नाव मिस्टर झीरो होतं आणि तो थंडीची बंदूक घेऊन फिरणारा चोर होता, बस्स. १९९२ च्या ॲनिमेटेड मालिकेने त्याला नोरा नावाची आजारी, गोठवून ठेवलेली बायको दिली. गारठा तोच, बंदूक तीच. बदललं ते कारण, आणि चोराचा शोकांत माणूस झाला. २०१२ च्या कॉमिकमध्ये तर नोरा त्याची बायकोच नव्हती, कित्येक वर्षांपूर्वी गोठवलेली एक परकी स्त्री होती. पुन्हा कारणच हललं, आणि प्रेमाचा भ्रम झाला.

म्हणून कागदावर तीन ओळी लिही: तो दिसतो कसा, करतो कसं, करतो का. नवं जग आधी तिसऱ्या ओळीला भिडलं पाहिजे. बाकीच्या दोन तिच्यामागून येतात.

जगाला फाटा मात्र एकच फोड. २००३ च्या ‘रेड सन’ या कॉमिकमध्ये सुपरमॅनचं यान कॅन्ससऐवजी सोव्हिएत युक्रेनमध्ये उतरतं, एवढंच. त्याचा वैरी लूथर, त्याचा मत्सर तसाच आहे, पण आता अमेरिकन सरकार त्याच्या पाठीशी उभं आहे. तू मात्र वाफेची यंत्रं, जादू आणि परग्रहवासी एकाच पानावर आणलेस. सगळंच शक्य असलेल्या जगात खलनायकाची अडचण उरत नाही आणि अडचण गेली की कथाही गेली.

तुझ्या काळात अडचण आयती आहे. तेव्हा बर्फाचे कारखाने नव्हते. बॉस्टनजवळच्या फ्रेश पाँडसारख्या तळ्यांवर घोड्याने ओढायच्या नांगराने चौकोन आखत, करवतीने ठोकळे कापत आणि दुहेरी भिंतींच्या कोठारात लाकडाच्या भुशात रचत. १८३३ मध्ये बॉस्टनहून कलकत्त्याला निघालेल्या जहाजात १८० टन बर्फ होता, पोहोचला सुमारे १०० टन. (पुढच्या वर्षी तो मुंबईतही उतरला. मोह होईल, पण पहिल्या कथेत बॉस्टन सोडू नकोस.) १८४१ मध्ये फ्रेश पाँडवर बर्फ कापायचा हक्क ज्याचा किनारा जितका लांब त्या प्रमाणात वाटला गेला. म्हणजे ज्याला किनारा नाही त्याला बर्फ नाही. तुझा फ्रीझ हा असा बिनकिनाऱ्याचा माणूस कर.

आता हिशोब. नुसत्या वितळत्या बर्फाने शून्य अंशाखाली जाता येत नाही. वजनाने तीन भाग चुरा आणि एक भाग मीठ मिसळलं की पारा उणे २० च्या आसपास उतरतो, पण त्यात बर्फ झपाट्याने वितळतो. नोराला जपायचं तर बर्फ सतत खर्ची पडणार. गोठलेला देह जिवंत राहतो, हा एक चमत्कार वाचक माफ करेल. दुसरा मागू नकोस. मग एखादा हिवाळा उबदार जातो, तळ्यावरचा थर पातळ राहतो, भाव चढतात आणि तो दुसऱ्यांची कोठारं फोडायला लागतो. त्याला बंदूक लागतच नाही.

आता दिसणं. ओळखीच्या रूपाच्या खुणा चार: गोल काचेचं शिरस्त्राण, लाल भिंगं, निळसर कातडी, हातातली बंदूक. दोन ठेव, दोन बदल. शिरस्त्राणाच्या जागी पाणबुड्याचा पितळी टोप चालेल, तो १८३०च्या दशकात आलाच होता. बंदुकीच्या जागी बर्फ कापायची लांब करवत. मग आकृती पूर्ण काळी भरून तीन सेंटिमीटर उंचीची काढ. गोल डोकं, रुंद खांदे आणि हातातली लांब रेघ ओळखू आली नाही, तर रंगाने काही वाचणार नाही. तुझं चित्र इथेच फसतं: कोटाच्या घोळात खांदेच हरवलेत.

२००४ च्या ‘स्पायडर-मॅन: इंडिया’चाही अभ्यास कर. त्यात स्पायडर-मॅनचा वैरी नॉर्मन ऑस्बॉर्न, म्हणजे ग्रीन गॉब्लिन, याचा नलिन ओबेरॉय झाला आणि गॉब्लिनचा राक्षस. चित्राला फायदा झाला. पण प्रयोगशाळेतल्या रसायनाऐवजी ताईत आला, की दोष माणसाकडून ताइताकडे सरकतो, आणि माझ्या मते खलनायक तिथे हलका होतो. तुझ्या फ्रीझने करवत स्वतःच्या मर्जीने उचलली पाहिजे.

भाषण निम्मं काप. संवादाच्या एका फुग्यात वीसेक शब्द पुरे. देवनागरीत वेलांट्या, रफार आणि उकार वर-खाली जागा खातात, म्हणून ओळींतलं अंतर इंग्रजी कॉमिकपेक्षा जास्त धर; नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांवर आदळतात. जोर द्यायला कॅपिटल अक्षरं नाहीत, तेव्हा ठळक अक्षर वापर, तेही एका पानात फार तर दोनदा.

आणि हे पात्र डीसी या कॉमिक प्रकाशकाच्या मालकीचं आहे. सरावाला खुशाल वापर, विकायला काढू नकोस. छापायचं असेल तर नाव, भिंगं आणि नोरा काढून टाक. तळं, मीठ आणि किनारा तुझेच आहेत.

पुढच्या खेपेला रंगवलेली पानं नकोत. त्या तीन ओळी आणि सहा काळ्या आकृत्या पाठव.

तुझा,
एक जुना वाचक