टेलो पुरे झाला, मोठा ड्रोन घेऊ?

प्रश्न: टेलो या छोट्या ड्रोनवर हात बसला, पण मिरामारच्या किनाऱ्यावर वारा सुटला की तो भरकटतो, व्हिडिओ पण हलतो. आता मोठा घेऊ का? – एक वाचक, ताळगाव

उत्तर: अहो, 80 ग्रॅमचा जीव तो, दर्यावरच्या वाऱ्यापुढे काय टिकणार! त्यात गिंबल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारी यंत्रणा नाही, व्हिडिओ 720पी, म्हणजे हॉलमध्ये भारी वाटतो आणि बाहेर काढला की फसतो. व्हिडिओसाठीच हवा असेल तर खुशाल घ्या, पण तीन अक्षांचा गिंबल बघून, नुसत्या 4के ला भुलू नका. वजन 250 ग्रॅमच्या आत असलं तर नॅनो, म्हणजे नियमांतल्या सगळ्यात लहान गटात बसतो, पायलट सर्टिफिकेटची कटकट नाही. मात्र दाबोळीला नौदलाचा तळ, तिकडे नावच काढू नका. 2022 पासून परदेशी ड्रोनची आयात बंद आहे, तेव्हा दुबईहून कोण आणून देतो म्हणाला तर सरळ नको म्हणा. नुसती मजाच करायची असेल तर टेलोच बरा, माडात अडकला तरी खिसा रडत नाही.