नीटचे मार्क अडकलेत? नवीन टेस्ट सिरीज नको, जुने पेपर काढ

प्रश्न : ताई नमस्कार, मी परभणीची. पहिल्या वेळेला नीटमध्ये (मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत) ३९० आले म्हणून आता लातूरला राहून रिपीट करतेय. रोज बारा तेरा तास अभ्यास होतो, दर रविवारी टेस्ट असते पण बरेच दिवस झाले ४२०-४४० च्या पुढे गाडी जातच नाहीये. बायो तीनदा वाचून झालं, फिजिक्सची सगळी लेक्चर्स दोनदा बघितली. मैत्रीण म्हणते अजून एक टेस्ट सिरीज लाव. लावू का? घरी फोनवर मार्क सांगायची पण आता भीती वाटते.

उत्तर : नको लावूस गं. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, त्यात टेस्ट किती होतात, तास किती होतात सगळं आहे पण टेस्ट झाल्यावर त्या पेपरचं तू काय करतेस याबद्दल एक ओळ नाही. मार्क बघायचे, रडायचं, आणि सोमवारी नवीन चॅप्टर सुरू करायचा, बहुतेक मुलांचं हेच चालतं आणि तुझंही तेच होत असणार असं मला वाटतं. मग त्याच चुका पुढच्या रविवारी परत होतात.

सोमवारची सकाळ त्याच पेपरला दे. एक साधी वही कर, चुकलेला प्रत्येक प्रश्न आणि तुक्का लागून बरोबर आलेलासुद्धा, त्यात तो का चुकला ते एका ओळीत लिही. फक्त 'सिली मिस्टेक' असं लिहायचं नाही, त्यातून काहीच कळत नाही. नीट लिही की सेंटिमीटरचे मीटर केले नाहीत, किंवा 'चुकीचे विधान ओळखा' होतं आणि मी पहिलं बरोबर विधान दिसलं तेच टिक केलं, किंवा फॉर्म्युला पाठ होता पण इथे तोच लावायचा हे सुचलं नाही, किंवा वेळच उरला नाही. चार पाच पेपर असे झाले की तुझं तुलाच दिसेल मार्क कुठे जातात ते. कुणाचे निम्मे मार्क नुसत्या घाईत जातात, त्याला आणखी लेक्चर्स बघून काय फायदा?

आता बायोचं. ९० प्रश्न, ३६० मार्क, म्हणजे अर्धा पेपर, आणि दोघांचे मार्क सारखे आले तर रँक ठरवताना आधी बायोचेच मार्क बघतात. तीनदा वाचलंस हे चांगलंच आहे, पण वाचताना ओळखीचं वाटणं वेगळं आणि पुस्तक मिटल्यावर आठवणं वेगळं. आज हे करून बघ, एनसीईआरटीचं पुस्तक बंद कर, कोऱ्या कागदावर किडनीतला नेफ्रॉन काढ आणि त्यातल्या हेन्लेच्या लूपची कुठली बाजू पाणी जाऊ देते आणि कुठली देत नाही ते लिही. उतरणारी बाजू पाणी जाऊ देते, चढणारी देत नाही, तिथून क्षार जातात. प्रश्नात नेमकी हीच अदलाबदल करून चार विधानं देतात आणि तीनदा वाचलेली मुलंसुद्धा तिथे अडकतात. म्हणून चौथ्यांदा वाचू नकोस, एक पान वाच, मिटव, लिही, मग परत उघडून ताडून बघ. सुरुवातीला फार हळू होतं आणि चिडचिड होते, पण लक्षात राहतं ते असंच.

फिजिक्सची लेक्चर्स तिसऱ्यांदा अजिबात बघू नकोस. सर सोडवतात तेव्हा आपल्याला सगळं जमलंय असं वाटतं, पण पेन त्यांच्या हातात असतो ना. एका प्रश्नाला निदान दहा मिनिटं स्वतः झगडायचं आणि मगच सोल्यूशन उघडायचं. २०२५ च्या पेपरात फिजिक्सने भल्याभल्यांना घाम फोडला, आणि त्या वर्षापासून ऑप्शनल प्रश्न पण गेले, १८० प्रश्न आणि १८० मिनिटं, त्यातच ओएमआर, म्हणजे उत्तरांचे गोळे रंगवायची शीट, भरायची. बायो पन्नास मिनिटांच्या आत उरकायची सवय लागली तरच फिजिक्सला श्वास घ्यायला वेळ मिळतो.

निगेटिव्हच्या भीतीने किती प्रश्न सोडतेस तेही वहीत लिही. बरोबरला ४, चुकीला वजा १. दोन पर्याय नक्की चुकीचे आहेत हे कळत असेल आणि असे चार प्रश्न तू सोडवलेस, तर साधारण दोन बरोबर दोन चूक धरले तरी ८ वजा २ म्हणजे ६ मार्क हातात येतात. असे प्रश्न कोरे ठेवणं म्हणजे नुकसानच. पण जिथे काहीच कळत नाही तिथे उगाच गोळे रंगवू नकोस, मिळून फार काही मिळत नाही आणि मिनिटं जातात.

आणि एक, कुणा दादा-ताईच्या जुन्या नोट्स वापरत असशील तर आधी सिलॅबस तपास. २०२४ पासून सॉलिड स्टेट, सरफेस केमिस्ट्री, पॉलिमर्स हे चॅप्टर गेलेत, तरी मुलं अजून ते घोकतायत, बघून जीव तुटतो.

घरी सांगायचं म्हणशील तर नुसता आकडा सांगू नकोस. 'या वेळी युनिटच्या चुका कमी झाल्या, केमिस्ट्रीत अजून वेळ पुरत नाही' असं आईला सांग, तिला समजेल आणि तुझ्याही मनावरचं ओझं थोडं उतरेल.

प्रश्न : मुलगा बारावीला आहे. म्हणतो बोर्डाचा अभ्यास करत नाही, फक्त नीट करतो, बोर्डाचे मार्क कोण बघतं. ऐकू का त्याचं? — एक आई, सांगली

उत्तर : पूर्ण नका ऐकू. रँक नीटवरच लागते हे त्याचं खरं आहे, पण एमबीबीएसला जायला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायो आणि इंग्लिश पास व्हावंच लागतं. नीटला चांगला स्कोअर येऊन इथे अडकला तर सीट हातची जाते. आधी त्याची प्रॅक्टिकल्स आणि जर्नल पूर्ण आहेत का ते विचारा आणि बोर्डाच्या आधीचा महिनाभर तरी त्याला लिहून उत्तरं सोडवायला बसवा, कारण वर्षभर फक्त गोळे रंगवलेल्या मुलांना तीन तास सलग लिहायचं म्हटलं की हात दुखायला लागतो आणि पेपर अर्धाच राहतो.